खंय गावली?

आमच्या घरात कुणी अळमी घेऊन आलं की आजी ती बघायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. "खंय गावली?" म्हणजे, कुठे सापडली? अळमी तिच्यासमोरच असायची, पांढरी, तांबड्या मातीने बरबटलेली, पडवीभर वास सोडणारी. पण आजीची नजर आणणाऱ्याच्या तोंडाकडे असायची. उत्तर पटलं तर रोवळी जवळ ओढून घ्यायची. नाही पटलं तर "ती आपली नाय" एवढं बोलून परत फणसाच्या आठळ्या सोलायला लागायची. मग कितीही हट्ट केला तरी ती अळमी चुलीपर्यंत पोचत नसे.

आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. पुस्तकात अळंबी, आमच्याकडे अळमी. विदर्भात सात्या आणि टेकोडे म्हणतात तेही याच गोतातले. बाकी जे काही पावसात उगवतं, ज्याच्याशी घराचा संबंध नाही, त्या सगळ्याला एकच नाव, कुत्र्याची छत्री. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे वर्गीकरण अगदी ढोबळ आहे. आजीच्या हिशेबाने ते पुरेसं होतं, कारण तिला शेकडो जाती ओळखायच्याच नव्हत्या. तिला एक जात ओळखायची होती आणि बाकी सगळ्या सोडून द्यायच्या होत्या.

घराला ठाऊक असलेल्या तीन जागा होत्या. एक मांगराच्या मागे, काजूच्या उतारावर. दुसरी वरच्या कुणग्याच्या मेरेला, म्हणजे भाताच्या खाचराच्या बांधाला. तिसरी बरीच लांब, देवळाच्या राईच्या अलीकडे, जिथे आम्हां मुलांना एकट्याने जायची परवानगी नव्हती. या तिन्ही जागी जमिनीखाली वाळवीचं घर होतं. वारूळ वर दिसायचंच असं नाही. काजूच्या उतारावर तर सपाट जमीन होती, नवख्याला काही कळलंही नसतं. आषाढ सरत आला, चार दिवस झोडपून पाऊस पडला आणि मग एखादा दमट, उकाड्याचा दिवस निघाला, की आजी पहाटे इरलं घेऊन बाहेर पडायची. रात्री ढग गडगडले की अळमी डोकं वर काढतात यावर तिचा ठाम विश्वास होता.

पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. कुजलेल्या पानांतून करड्या टोकाचे कळे वर आले होते. भाल्याच्या फाळासारखं टोक, त्याच्या खाली मिटलेली छत्री, आणि सगळीकडे नुकती फुटलेली माती. मी वरून धरून ओढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "थांब गो. आदी बूड बघ, मगे माथा." हातातल्या कामटीने तिने बाजूची माती अलगद मोकळी केली. देठ जमिनीत शिरल्यावर संपेल असं मला वाटलं होतं, पण तो खाली खाली जातच राहिला, निमुळता होत, मुळ्यासारखा. वीतभर उकरलं तरी टोक दिसेना. तिथे तिने तो नखाने खुडला, खाली राहिलेल्या भागावर माती सारली आणि तळव्याने दाबली. "मुळाक दुखव नको. फुडच्या वर्साक व्हयां."

त्याच पावसाळ्यात मला एक अळमी सापडली. एकटीला सापडलेली पहिलीच. पांढरी, मोठी, उभ्या देठाची. मी धावत पडवीत आले. "खंय गावली?" "गायरीच्या कडेक," मी म्हटलं. गायरी म्हणजे शेणाचा खड्डा. आजीने ती माझ्या हातातून घेतली, खळ्याच्या पलीकडे भिरकावली आणि मला हात धुवायला पाठवलं. मी रडले. तशीच तर होती, म्हणून भांडले. आजी म्हणाली, "दिसाक तशीच. जागा तशी नाय."

हे वाक्य मला कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस वाईट होता.

लग्नानंतर पुण्यात आले. पुण्यात पाऊस असतो, पण पावसातलं गाव नसतं. एका ऑगस्टमध्ये, दोन दिवस संततधार झाल्यावर, आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर छत्र्या उगवल्या. अर्धवर्तुळात, एकीशेजारी एक. हाताच्या पंजाएवढ्या, पांढऱ्या, मधोमध तपकिरी. मी गॅलरीतून बघितल्या आणि घशात आवंढा आला. गावची पडवी, ओलं लाकूड, भाजल्या खोबऱ्याचं वाटप, सगळं एकदम आठवलं. खाली उतरले. चार छत्र्या आणल्या. देठ अगदी सहज निघाले, हिसकाही द्यावा लागला नाही. बुडाशी गोळा होता, मूळ नव्हतं. हे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हातांनाही कळलं होतं. मनाने मात्र ते ऐकून घेतलं नाही.

तरी मी काळजी घेतली असं मला तेव्हा वाटत होतं. शिजवताना चार लसणाच्या पाकळ्या सोलून टाकल्या, कारण अळमी विषारी असेल तर लसूण काळा पडतो असं ऐकलं होतं. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं धुऊन पातेल्यात सोडलं. लसूण पांढराच राहिला. नाणं चकचकीत बाहेर आलं. दीड वाजता आम्ही दोघं जेवलो. लेकीने ताट बाजूला सारलं, तिला तो बुळबुळीतपणा आवडला नाही, आणि त्या दिवसाबद्दल मला आजही सगळ्यांत जास्त समाधान कशाचं वाटत असेल तर त्या नावडीचं.

साडेतीनला नवऱ्याला उलटी झाली. चारला मला. त्यानंतरचे काही तास मी नीट सांगू शकणार नाही. उलट्या, जुलाब, पोटात पिळे, आणि हातपाय गार. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी नाडी बघता बघता पहिला प्रश्न विचारला तो काय खाल्लं हा नव्हता, ते शेजाऱ्यांनी दारातच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "किती वाजता खाल्लं?" दीड, मी म्हटलं. "आणि पहिली उलटी?" साडेतीन. त्यांचा चेहरा किंचित सैल झालेला मला दिसला. मग त्या म्हणाल्या, "घरी एखादी उरलीय का? फेकू नका. कचऱ्यात असेल तरी काढून ठेवायला सांगा."

त्या वेळच्या चौकशीमागचा हिशेब मला नंतर वाचून कळला, आणि तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा. अळंबीच्या विषबाधेत लवकर झालेली उलटी बहुतेक वेळा त्यातल्या त्यात बरी. तासा-दोन तासांत त्रास सुरू झाला तर विष बहुधा आतड्यांना झोंबणारं असतं. माणूस पाणी आणि क्षार गमावतो, वेळेत सलाइन मिळालं तर साधारणपणे सावरतो. खरी भीती उशिरा येणाऱ्या उलटीची. दुपारी जेवलं, संध्याकाळ छान गेली, रात्री झोप लागली आणि पहाटे पोटात ढवळलं, म्हणजे सहा-आठ-बारा तास मधे गेले, तर घड्याळच धोक्याची सूचना देत असतं. अर्थात दोन-तीन जाती एकत्र शिजल्या असतील तर लवकर आलेल्या उलटीवरही विसंबता येत नाही. म्हणून उरलेली अळंबी, तिची सालं, काहीही असलं तरी बरोबर न्यायचं, आणि वाट न बघता जायचं.

आम्ही दोन दिवसांनी घरी आलो. ओट्याच्या कोपऱ्यात एक छत्री शेजारीणबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती, मलूल झालेली. तिच्या खालच्या पात्या मी तोडल्या तेव्हा पांढऱ्या होत्या असं मला पक्कं आठवत होतं. आता त्यांच्यावर राखाडी-हिरवट छटा आली होती. मी देठ कापला, टोपी पालथी न करता तशीच, पात्या खाली करून, लेकीच्या चित्रकलेच्या वहीतल्या पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर काचेचा वाडगा झाकला. सकाळी वाडगा उचलला, टोपी अलगद काढली. कागदावर तिच्या पात्यांची नक्षी उमटली होती. मध्यातून बाहेर जाणाऱ्या बारीक बारीक रेषा, एखाद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. बोट लावलं तर भुकटी, म्हणजे तिचे बीजाणू. आणि रंग हिरवा. फिका, मळकट, शेवाळी हिरवा.

तो रंग म्हणजे तिचं नावगावच होतं. क्लोरोफायलम मोलिबडायटीस. हिरवळीवर, बागेत, खताच्या मातीत उगवणारी, जगभरच्या उष्ण भागांत पसरलेली, आणि माणसांना सगळ्यांत जास्त वेळा फसवणाऱ्या छत्र्यांपैकी एक. कोवळी असताना पात्या पांढऱ्या, म्हणून खाण्याच्या छत्रीसारखी वाटते. बीजाणू पिकले की हिरवेपणा वर येतो. टोपीवर मधोमध तपकिरी टिकला आणि भोवती तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकवता येईल असं कडं, बुडाशी गोळा. आमच्या अळमीच्या टोपीवर असे खवले नसतात, ती रेशमासारखी गुळगुळीत असते आणि मधोमध टोक असतं. यातलं सगळं मी हिरवळीवर उभी राहून बघू शकले असते.

लसूण आणि नाण्याबद्दल थोडं सांगते, कारण हा समज अजून घराघरांत जिवंत आहे आणि तो माणसं मारतो. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यातही चमचा काळा पडतो, आणि अंडं आपण खातो. अळंबीच्या विषाचा आणि चांदीच्या काळेपणाचा काही संबंध नाही, तसाच लसणाचाही नाही. गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी चांगली, हे तर त्याहून घातक. गोगलगायी अतिशय विषारी छत्र्याही मजेत खातात, त्यांचं शरीर वेगळं. आणि उकळलं, पाणी टाकून दिलं, वाळवलं, की विष जातं, हेही खोटं. सगळ्यांत जीवघेणी विषं शिजवूनही तशीच राहतात.

त्या जीवघेण्या विषांची गोष्ट अमानिटा या कुळाची. त्यातली अमानिटा फॅलॉइडस जगात सगळ्यांत कुप्रसिद्ध, युरोपातली, इंग्रजीत तिला मृत्यूचीच टोपी म्हणतात. चव चांगली असते, असं वाचलेल्या माणसांनी सांगितलं आहे, ‘वाचलेल्या’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्या. तिच्यातलं अमॅटॉक्सिन पेशीच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतं. जनुकांवरून निरोप उतरवून घेण्याचं जे काम पेशीत सतत चालू असतं, तेच ते थांबवतं. नवीन प्रथिनं तयार होणं बंद, पेशी हळूहळू मरते. यकृताला सगळ्यांत मोठा फटका, कारण विष पित्तावाटे आतड्यात जातं आणि तिथून परत यकृताकडे येतं, असे फेरे चालू राहतात. सहा ते बारा तासांनी किंवा आणखी उशिरा उलट्या-जुलाब. मग दुसऱ्या दिवशी, आणि हे सगळ्यांत क्रूर, माणसाला बरं वाटायला लागतं. उलट्या थांबतात, भूक लागते, घरचे म्हणतात उतरलं. तेव्हा आत यकृत कोसळत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. काहींना शेवटी यकृत बदलावं लागतं.

२०२२च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन आठवड्याभरात तेरा माणसं गेली. बहुतेक चहामळ्यांतली. त्यांत मुलं होती. ती बातमी वाचली तेव्हा मी रात्री झोपले नाही. आसामातल्या मळ्यांवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून माणसं नेली. त्यांच्या मूळ गावांत पावसाळी अळंबी हे हक्काचं खाणं आहे, आजही आहे. त्या घरांमध्ये आठवण कितपत उरली असेल, त्या दिवशी कुणाला काय वाटलं असेल, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण मला माझी हिरवळ आठवली.

कॅनबेरातली घटना तर अगदी याच जागी बोट ठेवते. २०११च्या ३१ डिसेंबरला तिथे एका रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या चिनी आचाऱ्याने जवळपास उगवलेल्या छत्र्या आणून जेवणात घातल्या. तो आणि त्याच्याबरोबर जेवलेली एक बाई काही दिवसांत गेली. ती मृत्यूची टोपी होती. युरोपातून ओकची झाडं ऑस्ट्रेलियात लावली गेली, त्यांच्या मुळांशी संसार करत ही अळंबीही आली. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावरची अळंबी फार आवडीने खातात. तिच्याही बुडाशी पिशवी असते, कोवळेपणी दोघी सारख्याच दिसतात. अमेरिकेतही लाओसमधून गेलेल्या निर्वासितांच्या बाबतीत अशा चुका झालेल्या आहेत. पाककलेत मुरलेला माणूस, रोजचा हात, डोळ्यांना ओळख आहे, आणि तरी. खाली पेंढा नव्हता, ओक होता. त्याला "खंय गावली?" विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

आजी अळमी ओळखायची असं मी आयुष्यभर समजत आले. ती जागा ओळखायची. अळमी त्या जागेची खूण पटवून द्यायला वर यायची, एवढंच. मी गावाहून अळमीचं रूप डोळ्यांत घेऊन निघाले आणि जागा गावातच ठेवून आले.

त्यानंतर मी वाचायला लागले. जेवढं वाचलं तेवढी एकेका खुणेवरची श्रद्धा गळत गेली. देठावर कडं असलं की विषारी, असं कुणी सांगतं, पण आमच्या वारुळाच्या अळमीच्या काही जातींवरही कडं असतं. बीजाणूंचा ठसा गुलाबीसर आला तर आपली अळमी, असं म्हणावं तर एन्टोलोमा नावाच्या कुळाचा ठसाही गुलाबी, आणि त्यात विषारी जाती आहेत. एन्टोलोमाच्या पात्या मात्र देठाला चिकटलेल्या असतात आणि खाली लांब मूळ नसतं. पांढरा ठसा म्हणावा तर बाजारात मिळणाऱ्या धिंगरीचा पांढरा आणि अमानिटाचाही पांढराच. फुगे, म्हणजे गोल चेंडूसारख्या अळंब्या, कोवळ्या असताना आपल्याकडे खातात. पण अमानिटाची छत्री जमिनीतून वर येताना अंड्याच्या आकाराची असते आणि फुग्यासारखीच दिसते. प्रत्येक फुगा उभा चिरून बघायचा. आत सगळा एकसारखा पांढरा, पनीरसारखा असेल तर फुगा. आत बारक्या छत्रीची आकृती दिसली, देठ आणि टोपी चितारल्यासारखी, तर ते हात लावायचं काम नाही. आतून काळपट जांभळा निघाला तर तोही टाकायचा.

पश्चिम घाटातही अमानिटा कुळातल्या छत्र्या उगवतात, बहुतेक झाडांच्या सावलीत, मुळांच्या संगतीने. आणि जगात या कुळात पांढऱ्या शुभ्र, सुबक, प्राणघातक जाती आहेत. पांढरी टोपी, पांढऱ्या सुट्या पात्या, उंच देठ. वरून खुडली तर आमच्या अळमीशी गल्लत होऊ शकते. फरक मातीत आहे. अमानिटाच्या बुडाशी एक पिशवी असते, फाटलेल्या अंड्याच्या कवचासारखी, आणि ती बहुधा जमिनीत गाडलेली असते. देठ वरून मोडला की ती खालीच राहते आणि आपल्या हातात निष्पाप दिसणारी छत्री येते. "आदी बूड बघ, मगे माथा." आजीला अमानिटा हा शब्द ठाऊक नव्हता.

आणि त्या मुळाचं कारण? ते कळलं तेव्हा मला आजीला फोन करून सांगावंसं वाटलं, पण ती तोवर नव्हती.

आमची अळमी टर्मिटोमायसीस या कुळातली. १९४२ साली रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुळाला नाव दिलं, आणि त्यातल्या दक्षिण भारतात वर्णन झालेल्या एका जातीला पुढे त्याचंच नाव मिळालं. ही अळमी वाळवीची शेती आहे. वाळवी सुकी पानं, काटक्या, गवत खाते, पण लाकडातला चिवट भाग तिला स्वतःला नीट पचत नाही. म्हणून ती अर्धवट पचवलेला हा माल घरात नेऊन त्याचं पोळं रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी तो माल मऊ करते, वाळवी तो खाते. आफ्रिकेत तीन कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली असं मानतात, माणसाने पहिलं बी पेरायच्या कितीतरी आधी.

ते पोळं मी बघितलेलं आहे. वडिलांनी मांगर दुरुस्त करताना पाया खणला तेव्हा कुदळ एका पोकळीत गेली. आतून अक्रोडाच्या गरासारखं घड्याघड्यांचं, करड्या-तपकिरी रंगाचं काहीतरी निघालं, मुठीएवढं, हातात घेतलं तर हलकं आणि किंचित उबदार. त्याच्या घड्यांमध्ये पांढरे टिपके होते, मोहरीहून लहान, साबुदाण्यासारखे गोल. वाळव्या सैरावैरा धावत होत्या. काही त्या टिपक्यांना तोंडात धरून पळत होत्या. आजी आली, बघितलं, आणि वडिलांना म्हणाली, "झाक तां." पाया दोन हात सरकवला गेला.

त्या पोळ्यापासून पावसाळ्यात कोंब निघतो आणि वरच्या उजेडापर्यंत माती फोडत येतो. म्हणून टोपीवर ते टणक टोक. म्हणून ते लांब मूळ, जे मूळ नसून देठाचाच खाली गेलेला भाग आहे आणि वाळवीच्या घरात जाऊन टेकतो. अळमी खरी आहे की नाही याचा पुरावा ती स्वतःबरोबर घेऊन येते, फक्त तो खणून बघावा लागतो. यातली एक बारकी जात आहे, शेकड्याने उगवते, तिला हे लांब मूळ नसतं, कारण वाळवी पोळ्याचे तुकडे वर आणून टाकते त्यावर ती येते. तिच्या वाटेला मी जात नाही. ती ओळखणारी माणसं वेगळी, त्यांच्या जागा वेगळ्या.

आमच्या भागात आणि गोव्यात वारूळ म्हणजे सातेरी देवी. कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे, वाढत जाणारं, मातीचं. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. जिची पूजा करायची तिच्यावर कुदळ कशी घालणार? नागपंचमीला जमीन खणू नये, नांगरू नये, हा नेम आमच्या घरात कडक होता, आणि नागपंचमी येते ती बरोबर अळमीच्या दिवसांत. हे कुणी विचार करून ठरवलं की होत गेलं, यावर वाद घालण्यात मला रस नाही. वारुळं टिकली, एवढं खरं. गोवा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांच्या अभ्यासात कित्येक वर्षं घालवली आणि त्या ओरबाडू नका असं लोकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. कारण या अळमीची लागवड करून बाजार भरवणं अजून कुणाला साधलेलं नाही. बटण मशरूम, धिंगरी कारखान्यात होतात. हिला वाळवी लागते.

आणि बाजाराला कळे लागतात. मिटलेले, टोकदार. श्रावणात मासे-मटण बंद असलेल्या घरांमध्ये अळम्यांची शाकुती हा सण असतो, आणि त्यासाठी लोक मागतील ती किंमत देतात. कळा खुडला की छत्री उघडत नाही. छत्री उघडली नाही की बीजाणू पडत नाहीत. पहिल्या पावसात दिव्याभोवती जी पंखवाली वाळवी घिरट्या घालते, त्यातल्या एखाद्या जोडीने नवं घर मांडलं तर त्या घराच्या पहिल्या कामकरी वाळव्या वर येऊन हे बीजाणू शोधतात. ते मिळाले नाहीत तर शेती नाही, आणि शेती नाही तर घर नाही. आजी दर वेळी पाच-सहा अळम्या तशाच उघडू द्यायची. मला तेव्हा ते वाया घालवणं वाटायचं.

गेल्या श्रावणात बांद्याहून गोव्यात उतरताना रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली दिसली. समोर सागाच्या पानांवर कळ्यांच्या राशी, वर प्लास्टिक. गाडी थांबवली. उकिडवी बसले आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खंय गावली?"

तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि मागच्या डोंगराकडे हात केला. सगळा डोंगर. "तें सांगपाचें न्हय," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. आजीनेही शेजारच्या वाडीला आमच्या तीन जागा कधी सांगितल्या नसत्या. मी काही बोलले नाही. मग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, तिने राशीतून एक कळा उचलला आणि माझ्या तळहातावर आडवा ठेवला. टोक करडं, कठीण. देठ पांढरा, आणि पुढे निमुळता होत गेलेला, करंगळीपेक्षा बारीक, टोकाशी ओल्या मातीची गोळी. मी ती माती चिमटीत घेऊन चुरडली.

"उघडलेली आहेत का?" मी विचारलं. तिला नवल वाटलं. पाटीच्या तळाशी दोन होत्या, पूर्ण उघडलेल्या, कडा फाटलेल्या, कुणी घेत नाही म्हणून तिने घरी न्यायला ठेवलेल्या. मी त्या मागितल्या. पैसे घ्यायला ती तयार नव्हती, बळेच दिले.

रात्री काकीकडे पोचलो. लेक आता कॉलेजात आहे. तिने अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद जोडून घेतला, एका छत्रीचा देठ कापला, टोपी दोन्ही रंगांच्या मधोमध ठेवली आणि वर काकीचा पितळी टोप पालथा घातला. काकी बघत होती. "ह्यां कित्याक?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, रात्रभर ठेवलंस तर सकाळी भाजी शिळी होईल.

पहाटे पावसाने जाग आली. लेक माझ्या आधी उठून टोपाजवळ बसली होती. टोपी उचलली. पांढऱ्या बाजूला काही नाही असं वाटलं, मग कागद खिडकीकडे धरला तेव्हा दिसलं. अगदी फिकी गुलाबी, अबोलीचं फूल चुरगळून कागदावर घासल्यासारखी. काळ्या बाजूला मात्र स्पष्ट, एकेक रेष. लेक ओठ मिटून कागदावर वाकली, श्वासाने उडेल म्हणून. मग उठली, पागोळीखाली जाऊन उरलेली टोपी झटकली, आणि परत येऊन काकीला विचारलं, इथे जवळ वारूळ कुठे आहे.